किसनरावांच्या सरबतातलं आम्ल

तीर्थरूप वामनमामांस, मलकापुराहून भाचा मोतीराम याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींचे गुडघे आता वाकतात का? आमच्याकडे सर्व खुशाल (बाबा माझ्याशी बोलत नाहीत, ते धरून).

मामा, मी कॉलेज सोडलं ते बुद्धी सोडून नव्हे, हे इथं कुणी मानीत नाही. स्टेशनाजवळ किसनरावांचं सरबताचं दुकान आहे, ‘मध्यप्रांत-वऱ्हाडात एक नंबर’ अशी पाटी. तिथं मी रोज जातो. (तहान लागते. त्यांची मुलगी कोकिळा तिथं लिंबं चिरते, हा वेगळा मुद्दा.) परवा तोंडून निघून गेलं, की पेल्याला एक लिंबू म्हणता, पण यात अर्धंही नाही! किसनराव उसळले, ‘अर्धं कॉलेज शिकून मले शिकवतं काय बे? दाखव सिद्ध करून, नाही तं या ओट्यावर पाय ठेवू नको!’

ओटा गेला म्हणजे कोकिळा गेली. रविवारी त्यांच्याच मागच्या अंगणात बैठक मारली. थेंब मोजून सोडायची ब्युरेट कुठून आणू? वैद्यांकडची औषधाची काचनळी घेतली, आम्ल मारायला अल्कली म्हणून चुन्याची निवळी, आणि रंग ओळखायला हळद. एका पेल्यात अख्खं लिंबू पिळलेलं पाणी, दुसऱ्यात किसनरावांचं सरबत. थेंब थेंब निवळी सोडत गेलो. लाली यायची, ढवळलं की पळायची. आम्ल संपलं की मगच ती टिकते. लिंबाच्या पेल्यानं निवळीची वाटी संपवली, तेव्हा कुठं लाली टिकली. सरबत पाव वाटीतच कुंकवासारखं लाल! जिंकलो म्हणून मी किसनरावांना ओढून आणायला धावलो.

तेवढ्यात कोकिळेला पाहायला डोणगावचे पाव्हणे दारात उतरले. तिची आई रुखमाबाई ओवाळायचं लाल पाणी कालवायला मागं गेली (हळद-चुन्याचंच ते), तर तयार! ‘पोट्टं गुणाचं हाये हो,’ म्हणत तिनं दोन्ही पेले ताटात ओतले, डोणगावच्या मुलावरून ओवाळले अन् रस्त्यावर फेकले. माझा पुरावा माझ्याच वैऱ्याची दृष्ट काढण्यात गेला! किसनराव मला न्याहाळून म्हणाले, ‘हाव, आंबट दिसून राह्यलं. तुह्या तोंडावर.’

पण मी हटणार नाही. पुन्हा मोजीन, भर बाजारात मोजीन.

आपला,
मोतीराम

ता. क. – कोकिळा खिडकीतून एवढंच बोलली, ‘बाबाचं लिंबू अर्धं, तुमचं कॉलेज अर्धं. कोणी एकानं तरी पुरं करा.’ तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांना गाठून मला परत घ्यायला लावा. पत्र याचसाठी.

आणखी एक – डोणगावच्या मुलाचं सरबत कोकिळेनं स्वतः केलं होतं. एका घोटात त्याचे दोन्ही डोळे मिटले, अन् पाव्हणे पान न घेताच उठले. त्या पेल्यातलं आम्ल मी मोजलेलं नाही. गरज वाटली नाही.