फाटकाला कुलूप नाही

माझ्या लाडक्या व्हर्डी,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि पाठीत एक हलका धपाटा, कारण इस्टरला पाठवलेल्या पत्राला अजून तुझं उत्तर नाही. गुडघे काय म्हणतात? नाकातली प्राणवायूची नळी नीट ठेवतेस ना, की वृद्धाश्रमातल्या त्या मांजरीनं पुन्हा चावली? इकडे सगळं देवाच्या दयेनं झकास आहे. पीच यंदा इतके लगडलेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. माझी तब्येत म्हणशील तर आठव, तो माझा निळा झगा, जो गेली कित्येक वर्षं कमरेशी येऊन अडायचा. तो आता डोक्यातून घातला की सर्रकन खाली उतरतो, उलट टाचण्या लावाव्या लागतात. लोक उपाशी राहून, धावून धावून बारीक होतात. मला बसल्या जागी जमलं.

आणि त्या निळ्या झग्यातच मी कोर्टात गेले. घाबरू नकोस, मी काही केलेलं नाही. मी ज्युरीत होते. तुझी बहीण ओझेला, चौथीतून शाळा सोडून कापूस वेचायला गेलेली, सरकारच्या मोठ्या कोर्टात गादीच्या खुर्चीवर बसली, आणि मी आत शिरले की वकील उठून उभे राहायचे. (आपला बाप सोडला तर माझ्यासाठी कुणी उभं राहिलेलं मला आठवत नाही, आणि तोही पट्टा काढायलाच उभा राहायचा.) पत्राला उशीर झाला तो यामुळेच. जज्जसाहेबांनी सांगितलं होतं, खटला संपेपर्यंत कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही. मला गप्प बस म्हणणारे पुष्कळ झाले, मी ऐकलं ते या एकाचंच.

खटला कसला ते सांगण्याआधी हॉलिसचं सांगते, म्हणजे तुला कळेल माझा जीव त्यात का अडकला. आपला भाऊ गेला तेव्हा डॉक्टरांनी तुला विमान बंद केलं होतं. मग अंत्यविधीवाल्या गँडीनं चर्चमध्ये एक छोटा कॅमेरा लावला आणि तू तिकडे स्पोकेनला वृद्धाश्रमाच्या बैठकीत बसून कॉम्प्युटरवर सगळा विधी बघितलास. (सगळा म्हणजे आयमावहिनीच्या टोपीची मागची बाजू. नवरा गेला म्हणून तिनं एवढी पिसं लावावीत का, हा प्रश्न मी अजून देवाला विचारते.) तरी तू फोनवर म्हणालीस, टोपी तर टोपी, गाणी ऐकू आली, आणि शेवटी सगळे उठून बाजूला झाले तेव्हा उघड्या शवपेटीतलं हॉलिसचं नाक दिसलं. त्या नाकावर आपण दोघी फोनवर किती रडलो. आणि त्याच फोनवर आपलं ठरलं, की जी आधी जाईल तिला दुसरीनं असंच कॅमेऱ्यातून बघायचं, या वयात कुणी धडपडत यायचं नाही. मी तर लगेच गँडीला सांगून ठेवलं, कॅमेरा डाव्या अंगाला लाव, उजव्या गालावर माझा चामखीळ आहे. तो म्हणाला, "अजून पुष्कळ वेळ आहे, ओझेलाबाई." मी म्हटलं, म्हणून तर आत्ता सांगतेय, तेव्हा मला कुठं बोलता येणार.

तर आता खटला. तू गाव सोडलंस तेव्हा इथं लाकडाची गिरणी होती. ती बंद पडली आणि आता गाव पेटंटच्या खटल्यांवर जगतं. कुठल्या कुठल्या कंपन्या भांडायला आमच्याकडे येतात. मोटेल भरलेली असतात, झेरॉक्सवाला बंगला बांधतोय, आणि कोपऱ्यावरच्या खाणावळीत दोन्ही बाजूंचे वकील पाठीला पाठ लावून एकाच भांड्यातली चवळी खातात. बाहेरच्या कंपन्या इथलाच एखादा वकील उभा करतात, कारण त्याला ज्युरीतल्या माणसांच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं माहीत असतात. या खेपेला तो टॉलिव्हर होता, चर्चच्या रविवारच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला. (नोहाच्या नावेत डास का घेतले, असं विचारून रडणारा तो हाच.) निवडीच्या वेळी त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही इंटरनेटवर कधी चित्रपट, व्हिडिओ, असलं काही बघितलंय का?" मी म्हटलं, नाही. खोटं नाही बोलले. बघितलंस तू, आणि तुझ्याबद्दल त्यानं विचारलंच नाही. माझ्या नातीला, ट्वायलाला, हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आजी, तू वकील व्हायला हवी होतीस."

फिर्यादी होती कॅलिफोर्नियाची एक कंपनी. ती काय बनवते, असं मी पहिल्या दिवसापासून ऐकायची वाट बघत होते. शेवटी कळलं, काही बनवत नाही. तिच्याकडे एक कागद आहे, सरकारी शिक्क्याचा. त्यात लिहिलंय की हलतं चित्र आणि आवाज एका ठिकाणी साठवून ठेवायचा आणि मागेल त्याला तारेवरून दुसऱ्या ठिकाणी पाठवायचा, ही कल्पना आमची. बस, एवढंच. कसलं चित्र, कुठली तार, कोण मागतंय, कशालाच हद्द नाही. आणि प्रतिवादी कोण, तर ओहायोचे एक नवराबायको, ड्युफेक नावाचे. त्यांचा धंदा काय, तर अंत्यविधी दाखवणं. ज्यांना येता येत नाही त्यांना. गँडीला कॅमेरा लावून देणारे हेच, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आईची शपथ. मिसेस ड्युफेक मांडीवर विणकामाची पिशवी घेऊन बसायची. कोर्टात सुया न्यायला बंदी, म्हणून नुसती लोकर कुरवाळायची.

कंपनीच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या टॉलिव्हरनं फार शिताफी केली. तारा, यंत्रं यांच्या वाटेला तो गेलाच नाही. उभा राहिला, पट्ट्यात अंगठे अडकवले आणि म्हणाला, पेटंट म्हणजे खरेदीखत. तुमच्या जमिनीला कुंपण असतं, तसं हे कुंपण. मालक तिथं राहतो की नाही, गुरं चारतो की नाही, हे कुणी विचारायचं नाही. विचारायचं एवढंच, की दुसरा कुंपण ओलांडून आत आला का. व्हर्डी, आम्ही आठ जण होतो आणि आठांच्याही घरी कुंपण आहे. सगळ्यांच्या माना हलल्या. माझीसुद्धा. मग ड्युफेकांचा शिकागोचा वकील उठला आणि त्यानं दुपारभर पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवले. हे कुंपण भलतंच मोठं घातलंय, ही कल्पना आधीपासून लोकांना माहीत होती, असं काहीसं तो म्हणत होता. बरोबरही असेल. पण जेवणानंतरची वेळ, आणि त्याचा आवाज अंगाईसारखा. माझ्या शेजारचा ब्युएल, तो गुरंवाला, चक्क घोरला. मी त्याला कोपरानं ढोसलं तर झोपेत म्हणतो, "वासरू आत घे."

शेवटी आम्हाला खोलीत बसवलं. ब्युएल आमचा म्होरक्या. त्यानं विचारलं, कुंपण ओलांडलं असं कोण म्हणतं? सात हात वर. माझा खाली.

"ओझेलाबाई, तुमचं काय अडलं?"

मी म्हटलं, "कुंपण त्याचं आहे, मान्य. पण आत थडगी आहेत."

"कुठली थडगी? अहो, तार आहे ती."

"हे ड्युफेक तारेवरून काय नेतात? मयत. मग ती मयताची वाट झाली की नाही?"

तुला वेगळं सांगायला नको, पण त्यांना सांगावं लागलं. आपल्या बापाची जमीन विकली गेली आणि त्या ह्यूस्टनच्या दातांच्या डॉक्टरनं चहूबाजूंनी कुंपण घातलं. पण आईबाप आत आहेत, हॉलिस आत आहे, म्हणून फाटक त्याला ठेवावंच लागलं. टेक्ससमध्ये जमीन कुणाचीही होवो, थडग्यावर जाणाऱ्याला अडवता येत नाही. जुलैत आपण सगळे फावडी घेऊन जातो, गवताचं पातंसुद्धा राहू देत नाही, अंगणासारखी लाल माती झाडून लख्ख करतो, मग झाडाखाली ताटं मांडतो. तो दातांचा डॉक्टर लांबून बघत उभा असतो आणि मीच त्याला पीचच्या केकचा तुकडा नेऊन देते. मी म्हटलं, जमिनीला हे आहे, तर तारेला का नाही? ब्युएल टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "माझी आई तेलकंपनीच्या कुंपणात आहे. मी दर नाताळला जातो." झालं. आठही जण एका मताचे झाले. कागदावर फक्त होय किंवा नाही अशी जागा होती. पण माझं अक्षर मोठं आणि सुटसुटीत, म्हणून सगळ्यांनी पेन माझ्या हातात दिलं, आणि मी लिहिलं: होय, ओलांडलं. पण मयताच्या वाटेचं फाटक उघडं ठेवावं.

जज्जसाहेबांनी ते मनातल्या मनात वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. हे कुणाचं म्हणणं, असं विचारलं. ब्युएलनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "आम्हा सगळ्यांचं, साहेब." जज्जसाहेब चांगला माणूस. हळू आवाजात म्हणाले, तो कायदा जमिनीचा आहे, तारेचा नाही. असायला हवा होता की नव्हता, हे तुम्हाला विचारलेलं नाही. परत जा आणि विचारलंय तेवढंच लिहा. आम्ही परत गेलो. नाही लिहावं, तर ड्युफेक स्वतः शपथेवर म्हणाला होता की होय, आम्ही साठवतो आणि पाठवतो. खरं बोलणाऱ्या माणसाला आम्ही खोटं कसं ठरवायचं? कागद खोटा म्हणावं, तर शिकागोवाल्याचे बाण एकालाही आठवेनात. लिहिलं मी होतं, म्हणून खोडायला पेनही माझ्याच हातात आलं. पहिला शब्द ठेवला. बाकीच्यावर एक रेघ.

बाहेर व्हरांड्यात मिसेस ड्युफेक माझ्यापाशी आली. म्हणाली, "पहिल्या खेपेला तुम्ही काहीतरी लिहिलं होतंत. साहेबांनी मोठ्यानं वाचलं नाही. काय होतं?" मी सांगितलं. ती आधी हसली, मग बाकावर बसली. सांगू लागली, पहिला विधी त्यांनी तिच्याच वडिलांचा पाठवला होता, समुद्रापलीकडे त्यांच्या भावाला, आणि तो म्हातारा तिकडे कोट घालून पडद्यासमोर उभा राहिला होता. पिशवीत लिंबाच्या गोळ्या होत्या, त्यातली एक तिला दिली. दोघी चोखत बसलो.

ड्युफेकांनी दुकान बंद केलं. आणि आठवडा झाला नसेल, गँडी चर्चमध्ये शिडीवर चढून कॅमेरा काढत होता. त्यालाही त्या कंपनीचं पत्र आलं होतं, भाडं भर नाहीतर कोर्टात ये. "भाडंही आणि वकीलही, मला नाही जमत, ओझेलाबाई," असं म्हणाला, आणि डाव्या अंगाला मारलेला खिळा मला दाखवला. माझ्यासाठी आधीच मारून ठेवला होता बिचाऱ्यानं. खिळा तसाच आहे. मी म्हटलं राहू दे, कुणी हार अडकवील.

पण मी मजेत आहे, खरंच. गावात लोक मला अजून ज्युरीबाई म्हणतात. टॉलिव्हर खाणावळीत माझ्यासाठी दार धरतो. मी त्याला विचारलं, डासांचं कळलं का आता? तो लाजला. वृद्धाश्रमातल्या सगळ्यांना नमस्कार सांग, मांजरीला सोडून.

तुझीच,
ओझेला

ता. क. निळ्या झग्याचं मी अर्धंच सांगितलं. डॉक्टर म्हणतात पोटात काहीतरी धरलंय, लहान रताळ्याएवढं. मी म्हटलं, परसात जन्मभर खत घातलं तरी तेवढं कधी आलं नाही. ते हसले नाहीत. पुढच्या वर्षीचे पीच खायला मिळतील का, असं विचारलं तर खिडकीबाहेर बघू लागले. ट्वायलाला माहीत आहे. आता तुला.

आणखी एक. डॉक्टरांनी तुला विमान बंद केलंय, रेल्वे नाही. ट्वायलानं चौकशी केली, नळी घेऊन बसू देतात, शिकागोला गाडी बदलावी लागते. आपलं ठरलं होतं ते मोडलं, आणि मोडणाऱ्या कागदावर अक्षर माझंच आहे, म्हणून मागायला तोंड नाही, तरी मागते. जुलैत थडगी झाडायला ये. नंतर नको, आधीच ये, मला उभी असलेली बघ. मी काल ट्वायलाला घेऊन जाऊन आले. दातांच्या डॉक्टरनं फाटकाला नवी साखळी लावलीय, पण कुलूप नाही. आईच्या शेजारची जागा चांगली आहे, दुपारनंतर सावली येते.

शेवटचं. येताना टोपी घालू नकोस. आयमावहिनी तिची पिसांची घालून येणारच आहे आणि मला ती एकच पुरे. शिवाय तू मागच्या खेपेला पाहिलंस काय, तर पिसं आणि एक नाक. माझ्या त्या एका रेघेनं गेलं ते एवढंच, असं मी रोज स्वतःला सांगते. अजून पटलेलं नाही.