दमानं म्हणजे पळ

अण्णा,

पोरं शेवटची मॅच हरली, आणि तुमच्याच शब्दानं हरली. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली तरी कोर्टवर अजून तुमचाच शब्द चालतोय, ह्याचाच मला राग आलाय. भांडायला तुम्हाला फोन लागत नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझं लिहिणं कसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. आठवीत शाळा सोडली तेव्हा तुम्हीच म्हणालता, "शाळा सोडतोस तर सोड, बॉल सोडू नको रं." दोन्ही सुटलं. आता गुजरातेत मोरबीला टाइल्सच्या भट्टीवर आहे.

शब्द कुठला ते तुम्हाला सांगायला नको. दमानं. निपाणीजवळच्या आपल्या शाळेमागचं ते बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट, वाऱ्याबरोबर येणारा तंबाखूचा वास, आणि खेळाच्या तासाला शिट्टी तोंडात धरून उभे तुम्ही. मी बॉल घेऊन सुटलो की आधी शिट्टी, मग "दमानं!" मला लई चीड यायची. पाय माझे, दम माझा, तुमचं काय जातंय? एकदा मला बाहेर बसवून तुम्ही सांगितलं, "त्यांची पोरं उंच हायत, पळणारी हायत. त्यांच्यासंगं पळालास की त्यांचाच खेळ खेळलास. पाची जणांच्या हातातनं बॉल फिरव, त्यांना कंटाळा येऊ दे, मग टाक." धारवाडकडची टीम आली की तुम्ही मराठीत ओरडायचा, आणि कोल्हापूरकडची आली की तेच कानडीत, "निधान!" समोरच्याला कळायला नको म्हणून. कोल्हापूरचा एक पोरगा मॅच संपल्यावर तुम्हाला विचारायला आलता, "सर, सारखं निदान निदान ओरडत होता, पण निदान काय, ते शेवटपर्यंत बोललाच न्हाई!" तुम्ही पोट धरून हसलात. कानडीत निधान म्हणजे सावकाश, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार.

ह्या वर्षी आपल्या गावच्या टीमची पोरं फायनलला गेली. समोर बेळगावचा क्लब, तीन मॅचची मालिका, जिंकणारी टीम बेंगळुरूला जाणार. माझा धाकटा भाऊ कॅप्टन. त्यानं आधीच सांगून ठेवलेलं, "दादा, जिंकलो तर इथं राहून खेळतो. हरलो तर तुझ्याकडं भट्टीवर येतो. बास झालं हे." पहिल्या मॅचला पोरं त्यांच्यासंगं पळाली आणि धुऊन निघाली. मी फोनवर शिव्या घातल्या. म्हटलं, अरे, त्यांचा तो ताडमाड फ्री थ्रो टाकतोय का भिंतीवर शेण थापतोय? बास्केटखाली त्याच्या हातात बॉल आला की फाउल करा, टाकू दे फ्री थ्रो. शॉट सुटला की बॉलकडं बघत उभं राहू नका, आधी आपला माणूस पाठीनं अडवा, मग उडी घ्या. लांबनं टाकणारा त्यांच्यात एकच आहे, त्याला धरा, बाकीच्यांना मोकळं सोडून आत गर्दी करा. "आणि बॉल मिळाला की?" धाकट्यानं विचारलं. काय सांगणार? "दमानं," म्हणालो. माझ्याच तोंडातनं निघालं ते. दुसरी मॅच जिंकली.

पण ते बेळगावचे, अण्णा. त्यांना मराठी येतंय, कानडीही येतंय. तुमची युक्ती तिथं चालणार कशी? दमानं ऐकलं की त्यांची पोरं पुढं सरकून अंगावर यायची, आणि मागं सगळं रान मोकळं. तिथं माझं डोकं चाललं. धाकट्यानं "दमानं" ओरडायचं आणि पोरांनी पळत सुटायचं. तर धाकटा म्हणतोय, "हा डाव तुझा व्हय? तू तर कायमच पळ म्हणतोस." मग मी म्हणालो, "माझा न्हाय रं, अण्णांचा डाव हाय. मला एकट्याला सांगितलेला." लगेच पटलं! जिवंत माणूस घसा फोडून सांगतोय ते पटत नाही, आणि मेलेल्यानं कधी न सांगितलेलं पटतंय.

तिसऱ्या मॅचला मी सुट्टी टाकून खोलीत व्हिडिओ कॉल लावून बसलोय. "दमानं!" की ते पुढं येतायत, आपली पोरं पळतायत, बास्केट. परत दमानं, परत बास्केट. मी खाटेवर उभा राहून नाचतोय. शेवटाला एका पॉइंटनं आपण पुढं, बॉल आपला. आता नुसता हातात ठेवायचा, फिरवायचा, संपलं. आणि धाकटा जुन्या सवयीनं ओरडतोय, "दमानं!" सगळी सुटली की पळत! बॉल होता आमच्या मामेभावाकडं. तो ह्याच वर्षी राधानगरीहून आलाय, कानडीचा गंध नाही. धाकट्याला चूक कळली, तसा जीव तोडून ओरडला, "निधान! निधान!" ते येडं मधीच थांबलं. बॉल छातीशी धरून मागं वळलं आणि विचारतंय, "निदान काय?"

ताडमाडानं त्याच्या हातातनं बॉल काढून घेतला. बास्केट. शिट्टी.

अरे, साधं "थांब" म्हणायचं की! "थांब" कळायला काय भाषा लागतीय?

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन. मी विचारलं, "कुठल्या गाडीनं येतोस?" तर म्हणाला, "येत न्हाय दादा. डाव बरोबर होता, शब्द कमी पडला. अण्णांचा डाव असा अर्धा टाकून कसा येऊ? पुढच्या वर्षासाठी दुसरा शब्द शोधतोय." मामेभावाला सगळी आता 'निदान' म्हणूनच हाक मारतायत. पण शिव्या कुणालाच नाहीत. गाव म्हणतंय, अण्णांचा डाव, चुकला तर चुकला. आता मी काय सांगू? डाव माझा होता म्हणालो तर हा उद्याच्या गाडीत बसेल. म्हणजे आता जन्मभर गप्प बसायचं, आणि मानपान तुमचा.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? उशाखाली सारतोय. धाकटा हरला तर येणार म्हणून मी मुकादमाच्या मागं लागून शेजारची खाट रिकामी ठेवून घेतली होती. त्या दिवशी मॅच संपल्याची शिट्टी वाजली, मी शिव्या घालत होतो, आणि तेवढ्यात एकदा त्या खाटेकडं बघून घेतलं.