विश्रामबागेतली तलंग

मलकापूर (कराड)
दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. माया हिस, नाथाजीदादाचा अ. उ. आ.

आमचा शंभूराज उद्या गाडी घेऊन सांगलीला येतो आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि दोन तलंगा पाठवतो. दोन्ही आपल्या परसातल्या कोवळ्या कोंबड्या, कवड्या रंगाच्या, अजून अंड्यावर न आलेल्या. दिवाळीत तो तुझ्याकडे येऊन गेला तेव्हापासून एकच सांगतो, की आत्याच्या मालकांचं मनगट एवढंसं झालंय. दाजींना मी शेजाऱ्याच्या कामाचा पैरा फेडायला त्याच्या शेतात उतरलेलं बघितलंय, दोन माणसांचं काम एकटे ओढायचे. मला ते ऐकवत नाही.

एक तलंग या रविवारी कर, दुसरी पुढच्या. खोबरं घालू नकोस. आलं, लसूण, मिरी सढळ हातानं. आधी अळणी रस्सा वाटीभर प्यायला दे, मग बाकीचं. डोक्याचा आजार बरा होत नाही हे मला कळतं, पण अंगात ताकद तरी राहील.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तोफखान्यात बावीस वर्षं काढली, त्या तोफांनी कान नेले. तू फोनवर बोललीस की मला माशी घोंगावते आहे असं वाटतं, आणि तुझी वहिनी ते ओरडून सांगते तेव्हा सगळ्या आळीला कळतं. पत्रच बरं.

रस्सा पोटात गेल्याचं कळव. आमचा जीव तुमच्यापाशी आहे, धीर सोडू नकोस.

तुझा दादा
नाथाजी


विश्रामबाग, सांगली
दि. २६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र, तलंगा आणि साळूवहिनीनं दिलेली चटणी, सगळं पोचलं. पहिली तलंग कोपऱ्यावरच्या दुकानातून कापून आणली आणि तू लिहिलंस तसाच रस्सा केला. ह्यांनी दोन घोट घेतले आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. अहो बाई, तुम्हीच घ्या, म्हणाले. वर्ष झालं दादा, मी त्यांची अहो बाई झाले आहे. कधी स्वयंपाकाला ठेवलेली बाई, कधी दवाखान्यातली. माझं नाव तोंडात येत नाही.

दुसरी तलंग डालग्याखाली झाकून ठेवली होती, तिथं घोळ झाला. मी दुपारी जरा पडले होते, तेवढ्यात ह्यांनी डालगं उचललं. मी उठून बघते तर तलंग अंगणात मान पुढे टाकून तोऱ्यात चालली आहे आणि हे खुर्चीवरून उठून अदबीनं उभे. तिला मॅडम म्हणत होते. हे नोकरीला होते त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या मॅडम अशाच चालायच्या, आणि प्रयोगशाळेत आल्या की हे असेच उभे राहायचे. मी वर्षात पहिल्यांदा पोट धरून हसले.

तुला एक लिहिलं नव्हतं. ऑक्टोबरात ह्यांनी खाणंच सोडलं होतं, दोन दिवस सलाइन लावावं लागलं. आता एक तुकडा मॅडमला, एक स्वतःला, असं करत अख्खी भाकरी जाते. तेव्हा तिला कापायचं मला सांगू नकोस.

वहिनींना नमस्कार. ओरडलास तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी
माया


मलकापूर
दि. ५ डिसेंबर २०२४

चि. सौ. माया हिस, अ. उ. आ.

ओरड म्हणालीस म्हणून ओरडतो. कोंबडी खायला पाठवली होती, पूजेला नाही. आपल्या आईनं कधी कोंबड्यांना नावं देऊ दिली नाहीत. नाव दिलं की घास घशात अडकतो, म्हणायची. तू तर तिला थेट मॅडम करून बसलीस. भाकरीनं माणूस जगतो हे खरं, पण रक्त कशानं भरायचं? आज अंड्यावर येईल, चार दिवसांनी उबवायला खुडूक होईल, मग घरभर फुगून फिरेल आणि जवळ जाणाऱ्याला टोचेल. तेव्हा काय करशील?

सलाइनचं तू पुण्यात तुझ्या ऋषिराजला कळवलंस का? पोटच्या पोरापासून लपवून काय होणार? कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी येतो. तुला होत नसेल तर मी करतो, तू तोंड फिरवून उभी राहा. हे वाचून दाखवलं तर तुझी वहिनी म्हणते, आवं, त्येंच्या घरची कोंबडी, तुमी कशाला सुरी परजताय? बायका सगळ्या एका बाजूच्या.

ऊबदार कपडे घालत जा दोघं. रागावलो तरी तुझाच आहे.

नाथाजी


विश्रामबाग, सांगली
दि. २० डिसेंबर २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

ये, जरूर ये. सुरी मात्र घरी ठेवून ये.

मॅडम अंड्यावर आली. हे अंडं उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि विसरतात. दोन सदरे वाया गेले. पण सकाळी ज्वारीची मूठ घेऊन ती ती ती करत घराभोवती फेऱ्या मारतात, तेवढंच चालणं होतं. मागच्या आठवड्यात शेजारी मुंग्यांचं औषध मारणार होते म्हणून तिला तासभर पलीकडच्या घरात ठेवलं, तर हे अनवाणी फाटकाबाहेर पडले. मिरज रस्त्यापर्यंत गेले होते. एका रिक्षावाल्यानं ओळखून आणून सोडलं. तेव्हापासून मी तिला क्षणभर नजरेआड करत नाही.

ऋषिराजला सांगितलं. तो दोन दिवस राहून गेला. पुण्यात अशा माणसांसाठी एक घर आहे, म्हणाला. पुन्हा खाणं थांबलं तर मी एकटीनं ओढायचं नाही, बाबांना तिथं ठेवायचं. तो वाईट नाही दादा, बोलताना त्यालाच रडू आलं. पण पंचेचाळीस वर्षांचा माझा संसार सध्या एका कोंबडीच्या पायावर उभा आहे. हसू नकोस.

आणखी एक, आधीच सांगून ठेवते. ते तुला ओळखणार नाहीत. ऋषिराजलाही ओळखलं नाही. मनाला लावून घेऊ नकोस.

वाट बघते. वहिनींच्या गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी
माया


विश्रामबाग, सांगली
दि. १५ जानेवारी २०२५

दादा,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

रविवारी तू घरात होतास म्हणून मी अर्धा तास भाजीला गेले होते. परत आले तर ओट्यावर पातेल्यात मॅडम साफ करून, तुकडे करून ठेवलेली. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू मान खाली घातलीस. दारात आलेल्या भावाला काय बोलायचं? शिजवली, वाढली. तू खाली बघून जेवलास आणि साडेतीनच्या एसटीनं गेलास.

इतकं सांगितलं होतं. तुझ्या पिशवीत सुरी होती, ती मी बघितली. निदान मला एकदा विचारायचंस.

त्या दिवशी हे तीन भाकरी जेवले, तुझं म्हणणं खरं झालं म्हण. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीची मूठ घेऊन घराभोवती फिरायला लागले. ती ती ती करून घसा बसला. न्हाणीत बघतात, कपाटात बघतात. काल मला म्हणाले, अहो बाई, मॅडम रजेवर आहेत का? दोन दिवसांत पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. ऋषिराजला अजून कळवलं नाही. किती दिवस लपवणार आहे, मलाही माहीत नाही.

माया


मलकापूर
दि. १९ जानेवारी २०२५

चि. सौ. माया हिस, अ. उ. आ.

मी ते केलं नाही. करणार होतो, हे खरं. सुरी आणली होती, तेही खरं. पण तू गेल्यावर काय झालं ते ऐक. मी तुला कधीच सांगणार नव्हतो, पण तुझं पत्र वाचून तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सांगून टाका म्हणते.

मी पायरीवर ऊन खात बसलो होतो. दाजी मॅडमला दाणे टाकत होते. टाकता टाकता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. नाथाजीराव, कवा आलासा? मला ऐकू येत नाही, पण ओठांवरून कळतं. साळूबाईचं गुडघं कसं हाईत, विचारलं. आपल्या विहिरीवरचं इंजिन अजून धूर टाकतंय का, विचारलं. माया, ते इंजिन जाऊन वीस वर्षं झाली. मी हो म्हणालो. डोळ्यांना पाणी लागलं होतं. मग म्हणाले, माया बाजारात गेलीया, यील इतक्यात, तवर म्या कोंबडं कापतो. आणि मागच्या अंगाला गेले.

मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. मी तसाच सुखात बसून राहिलो. दुसऱ्या कुणाला फडफड ऐकू आली असती. मला काही ऐकू आलं नाही. ते आले ते पातेलं घेऊनच. हात इतके सराईत, की एक पीस राहिलं नव्हतं.

तुला ठाऊकच आहे. चाळीस वर्षं मी तुझ्या दारात आलो, पण मेव्हण्याचं कोंबडं त्यांनी कधी दुसऱ्याला कापू दिलं नाही. मेव्हणा आला की कोंबडं पडलंच पाहिजे आणि ते दाजीच्या हातानंच. त्यांनी मला ओळखलं, म्हणून ती गेली. मी आलो नसतो तर ती आज दाणे टिपत असती.

तू आलीस तेव्हा गप्प राहिलो. त्यांचं नाव सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघितलंस तसं त्यांच्याकडे बघितलं असतंस. जेवताना तू आत भाकरी थापत होतीस, तेव्हा त्यांनी काळीज माझ्या ताटात घातलं, आग्रह केला. मी गिळलं. आईचं खरं होतं, घास अडकतो.

शंभूराजबरोबर तसलीच कवडी तलंग पाठवतो. चालली तर बघ. सुरी मी आडात टाकली.

मला माफ कर म्हणायचं तोंड नाही. तरी धाकट्या बहिणीकडे मागतो.

नाथाजी


विश्रामबाग, सांगली
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, शि. सा. न. मागच्या पत्रात राहिलेला नमस्कारही यातच घे.

मी तुला नको ते बोलले. पायावर डोकं ठेवायला हवं, पण तू लांब आहेस.

तलंग येईपर्यंत चमच्यानं पेज पाजत दिवस काढले, आली तशी अंगणात सोडली. हे बराच वेळ बघत राहिले. मग उठून उभे राहिले, मॅडम म्हणाले. त्या रात्री अर्धी भाकरी गेली, आता अख्खी जाते. ऋषिराजला काही सांगावं लागलं नाही.

माया बाजारात गेलीया, ही ओळ मी कितीदा वाचली ते विचारू नकोस. वर्षभर मी घरात होते, रात्रंदिवस समोर होते, आणि नाव घेतलं ते मी कोथिंबीर निवडत उभी असताना. म्हणताना हसले होते का रे? पूर्वी नुसतं माया म्हणत नसत, शेवटचं अक्षर जरा लांबवायचे. तुला ते ऐकू आलं नसेल, ओठांवरून कसं कळणार.

खूप विचार केला. तू यायच्या दिवशी हिला लपवावं, तर ते पुन्हा रस्त्यावर जातील. दुकानातली कोंबडी आणून ठेवावी, तर कुठली कापायची आणि कुठली नाही हे त्यांना कोण समजावणार? त्यांना अडवून ठेवील असं दार माझ्याकडे नाही. आणि ही गेली की पुन्हा उपास, आणि मग पुणं. तू आलास की ते माणसांत येतात, आणि तू गेलास की उपाशी मरायला लागतात. यात मी काय करावं, मला सांगणारं कुणी नाही.

म्हणून हात जोडून लिहिते, येऊ नकोस. माहेरच्या माणसाला असं लिहायची वेळ माझ्यावर आली. वहिनींना समजावून सांग, त्यांना राग येऊ देऊ नकोस. लोभ आहे तेवढा राहू दे, पत्रं थांबवू नकोस.

आणि दादा, एवढं लिहूनही तू आलासच, तर त्या दिवशी मी कोथिंबिरीसाठीही घराबाहेर पाऊल टाकणार नाही.

तुझी
माया