ओंडक्यात रुतलेली तार

मूल गाव, शनिवार संध्याकाळ

फांदी छाटा म्हणून वर्षभर अर्ज दिले तेव्हा नगर परिषदेचं कोणी फिरकलं नाई. वादळात आमच्या दारचा कडुनिंब पडला, तर दुसऱ्याच दिवशी उचलून नेला. घाई काऊन होती ते आज कळलं. कबड्डीच्या मैदानाभोवती लोकांना बसायले त्याचेच ओंडके मांडलेत.

एकात तार रुतलेली दिसली. सुमनची, कपडे वाळवायची. तिनं बांधली तेव्हा खोड दंडाएवढं होतं. पुढं सालीनं तार गिळूनच टाकली. सुमन पुण्याले आमच्या पोराकडे गेली, नातवाले सांभाळायले. दोन वर्षं झाली. झाड पडल्याचं तिले अजून सांगितलं नाई. काऊन नाई? परत यायचं एक कारण कमी होईल म्हणून? काय माहीत.

त्याच ओंडक्यावर बसलो. कोण जिंकलं, लक्षच नव्हतं, बोट तारेवर. तेवढ्यात तिचा फोन.

"कपडे वाळले का जी?"

"वाळले." घरी खुर्चीवर पडलेत, ओलेच.

"एवढा गोंगाट कायचा? कुठी बसले आहा?"

"आपल्या निंबापाशी."

"बसा मंग," म्हणाली. "गार वाटते तिथी."