मुकादमबाईंची जागा

४ मार्च

पुन्हा उशीर! वाटेत एकजण शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. आधी अक्षरांच्या सावल्या काढत होता आणि अक्षरं मागाहून — बघतच राहिले. धुलाईखान्यात पोचले तर दवाखान्यांच्या चादरींचे गठ्ठे दारापर्यंत आलेले. मुकादमबाई दारातच. "आलात? आम्हाला वाटलं, भिंगरी फिरत फिरत दुसऱ्या गावाला गेली." सगळ्या फिदीफिदी. हे नाव आता चिकटलंच.

गेलेही असते म्हणा. एका ठिकाणी सात महिने — माझा विक्रमच! आत्या रोज माझी पिशवी चाचपून बघते, भरलीय की रिकामी.

६ मार्च

बुधवार. बुधवारी काम संपलं की बाई आम्हा दोघींना थांबवतात, मला आणि घड्या घालणाऱ्या चष्मिसला. अर्धा तास आम्ही मुकादम, त्या कामगार. आणि मुद्दाम नाठाळ कामगार!

आज माझी पाळी. म्हटलं, "बाई, हिरव्या चादरी वेगळ्या काढा." त्या गठ्ठ्यावर बसून नखं बघायला लागल्या. "कंबर धरलीय गं माझी. तूच काढ की." मी वाकले.

"हरलीस! तू वाकलीस की बाकीच्या बाराजणी बसल्याच समज."

"मग काय करायचं?"

"विचारायचं, कधीपासून दुखतेय. तक्रार खरी असेल तर कळतं. खोटी असेल तर अजून लवकर कळतं."

शाळेत इतकं लक्ष दिलं असतं तर — जाऊ दे.

१२ मार्च

मोठ्या यंत्राचा पट्टा सुटला. असा किंचाळला की चष्मिसच्या हातातल्या घड्या खाली! बाई चार पावलांवर, पाठमोऱ्या. चादरीचे कोपरे जुळवत राहिल्या. शांतपणे.

धावत जाऊन बटण बंद केलं. त्यांच्या कोपराला हात लावला. वळल्या. थांबलेल्या यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "आजपासून तू माझ्या उजव्या बाजूला उभी राहत जा."

म्हणून त्या यंत्रांच्या पोटावर तळहात ठेवून उभ्या असतात तर! मला वाटायचं, माया.

कुणाला सांगितलं नाही. आत्यालाही नाही.

१८ मार्च

मुकादमाची एक जागा भरणार आहेत. बाई म्हणतात, अर्ज कर. मी?

"अहो बाई, माझं बूड एका जागी टिकत नाही."

"आजवर कुणी बस म्हटलंय का तुला? मग टिकणार कुठे?"

कुठल्या पाळीची जागा, कुणाची, काही विचारलं नाही मी. नुसती हुरळले. चष्मिसही अर्ज करतेय. तिला सगळे नियम तोंडपाठ. माझं काही खरं नाही!

२६ मार्च

मुलाखत. वेळेवर गेले, कुठेही न थांबता. टेबलापलीकडे तिघं साहेब. बाईंनी बजावलं होतं — "पाठ केलेलं बोलू नकोस. डोळ्यांनी पाहिलेलं बोल."

मधल्या साहेबांनी विचारलं, कामात एखादी अडचण सांग, आणि तू त्यावर काय केलंस ते सांग. आणि मी, गाढव, पट्ट्याची गोष्ट सांगितली. सगळी! बाईंचा तळहात. माझं उजवीकडे उभं राहणं. कोपराच्या आमच्या खुणा — एकदा हात लावला तर थांबा, दोनदा लावला तर मागे बघा. केवढ्या तोऱ्यात सांगत होते! बाईंचं कौतुकच करतेय असं वाटत होतं मला.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी काही लिहून घेतलं नाही. तेव्हा कळलं, मी काय बोलून बसले.

२७ मार्च

बाईंनी विचारलं, कशी झाली? म्हटलं, बरी. माझ्या ओठांकडे बघत होत्या. मी मान फिरवली.

आज त्या नाठाळ कामगार झाल्याच नाहीत. नुसत्या बसून राहिल्या आमच्यात.

१ एप्रिल

चष्मिस धावत आली. "फळ्यावर तुझं नाव लागलंय! आणि बाई निवृत्त झाल्या, आजपासून येणार नाहीत."

माझं नाव बाईंच्याच जागेवर. इस्त्रीवाली मावशी म्हणाली, "काय गं भिंगरे, बाईंची खुर्चीच पटकावलीस की!" गमतीत म्हणाली. तिला काय माहीत.

संध्याकाळी बाईंच्या दारापर्यंत गेले. आत भांडी वाजत होती. कडी वाजवायला हात उचलला — आणि आठवलं, त्यांना ऐकू येणार नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

परत आले.

२ एप्रिल

पिशवी भरली. आत्या दारात उभी राहिली, पण अडवलं नाही. "वाटलंच होतं," एवढंच म्हणाली.

१९ एप्रिल

नवं गाव. फळांच्या गोदामात खोकी रचते. इथला मुकादम सारखा खेकसतो. आज शेजारची म्हणाली, कंबर धरलीय. विचारलं, कधीपासून? तर तिला रडूच फुटलं. पोटुशी आहे. कुणाला सांगितलं नव्हतं बिचारीने.

खोक्यामागे जाऊन मीही रडले. तिच्यासाठी नाही.

२ मे

कामाचा दाखला हवा होता म्हणून जुन्या कार्यालयात गेले. बाईंचं घर वाटेत लागू नये म्हणून मागच्या दाराने.

कारकूनकाका चष्म्यावरून बघतच राहिले. "अगं, होतीस कुठे? पट्टा सुटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई इथे येऊन सांगून गेल्या होत्या — मला ऐकू येत नाही, माझी जागा मोकळी करा, भिंगरीला मुलाखतीला बोलवा. तुला मात्र सांगायचं नाही म्हणाल्या, नाहीतर पोरगी ती जागा घेणार नाही. तू निघून गेल्यावर, परत आलीस का बघायला रोज सकाळी यायच्या. आठ दिवस आल्या. नवव्या दिवशी त्यांनीच त्या चष्मेवाल्या मुलीचं नाव सांगितलं."