भाऊजींच्या वजनाचा शॉकअप

आदरणीय रुपरावजी भाऊजी यांच्या सेवेशी,

नागपूरच्या सक्करदऱ्याहून तुमचा एकुलता एक मेहुणा दुर्गेश याचा वाकून नमस्कार. (कमरेने परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे. कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा आता कसा आहे? संत्र्याचा मृगाचा बहार टिकला का? नवीन पंप पाणी ओढतो की नुसताच आवाज करतो? म्हैस दूध देते ना? कामिनीताई कशी आहे हे मात्र विचारत नाही. सख्ख्या बहिणीची खुशाली विचारायचा हक्क सध्या माझ्याकडे शिल्लक आहे की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

आजच्या काळात पोस्टाने पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण तुमचा फोन दोनदा वाजतो आणि कापला जातो, ताईचा तर वाजतच नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मी रोज सकाळी पाठवलेले नमस्कार एका खुणेवरच अडकून बसले आहेत. तुम्ही स्वतःहून कोणालाच फोन करत नाही, हे तर तुम्ही अभिमानानेच सांगता. उरलं पोस्ट. पाकीट घ्यायला गेलो तर खिडकीतल्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, ‘वकिलाची नोटीस आहे का?’ मी म्हटलं, नाही, भाऊजींना पत्र आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यात नोटीस बरी असा भाव होता.

आता मुख्य गोष्ट. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली आणि आईने दोन्ही वेळा परत केली. ‘कामिनी आल्याबिगर मी डोळ्याले हात लावू देत नाही,’ एवढं एकच वाक्य. परवा तिने चहा कपाच्या शेजारी ओतला आणि वर मलाच विचारलं की कप काहून सरकवला. मला त्या वेळी हसू आलं नाही, भाऊजी. कामिनी येत नाही कारण जवाई रुसले आहेत, हे तिने गृहीत धरलं आहे आणि आळीत सगळ्यांना सांगितलंही आहे. (सांगताना थोडा अभिमान असतो. ज्या घरचा जवाई कधी रुसलाच नाही त्या घराला काय किंमत, असं तिचं मत आहे.) तेव्हा हा रुसवा निघावा म्हणून झाला प्रकार पहिल्यापासून लिहितो. दोष माझाच आहे. थोडा शॉकअपचा आहे.

मी ती लाल स्पोर्ट मोटारसायकल घेतली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, ‘ग्रंथपालाले हे कायले पायजे गा?’ त्याचं उत्तर मला तेव्हाही नव्हतं. दिवसभर पुस्तकांना शिक्के मारणाऱ्या माणसाला संध्याकाळी काहीतरी जोरात न्यावंसं वाटतं, एवढंच. पण ही गाडी शर्यतीसाठी बनवतात. कारखान्यातूनच तिचे शॉकअप असे आवळून येतात, की काचेसारख्या रस्त्यावर ती वळणात हलू नये. आपल्याकडे काचेसारखा रस्ता म्हणजे ज्यावर काचा पडल्या आहेत तो. सिमेंट रोडचा प्रत्येक सांधा मला माझ्या मणक्यांची ओळख करून देत होता. मुग्धा बायकोच्या हक्काने एकदाच मागे बसली आणि चौकात उतरून ऑटोने घरी गेली. ऑटो माझ्या आधी पोचला. दारातच ती म्हणाली की गाडी नरम तरी करून आणा, नाहीतर विकून तरी टाका.

गाडी नरम करता येते हे मला तेव्हाच कळलं. शॉकअपच्या स्प्रिंगवर एक रिंग असते, ती टोकाला आकडा असलेल्या पान्याने फिरवली की स्प्रिंग सैल किंवा घट्ट होते. आत तेल असतं, त्याचा वेग कमीजास्त करायला बारीकसा स्क्रू असतो. चालवणारा माणूस गाडीवर बसवायचा, गाडी किती खाली दबते ते टेपने मोजायचं आणि त्या मानाने रिंग फिरवायची. सगळी विद्या एवढीच. फक्त ती शोरूमवाल्यांच्या काचेच्या दारामागे ठेवलेली असते आणि दारावर लेबरचे दर लावलेले असतात.

त्या दिवशी तुम्ही पंपाचा पार्ट घ्यायला नागपूरला आला होता. आई म्हणाली, जवाईले संगं घेऊन जा, तुले कोणीही लुटते. आपण गेलो. सर्व्हिसचा माणूस रविंद्र (गळ्यात पट्टा, हातात टॅबलेट, तोंडात ‘सर’) म्हणाला की शॉकअप सेटिंगला एका तासाचं लेबर लागेल, अठराशे रुपये, टॅक्स वेगळा. मी खिशाला हात लावणार, तेवढ्यात तुम्ही विचारलं, ‘तासाचे अठराशे? माह्या वावरात एवढ्यात संत्रा तोडाले चार मानसं दिवसभर येते, अन् चहा आपल्या घरचा आणते. तो मानूस दाखव मले.’ रविंद्रने मेकॅनिक दाखवला. तुम्ही त्याला नखशिखांत पाहिलं, हात पुढे करायला लावून तळवे तपासले आणि मग म्हणालात की ठीक आहे, पण तास म्हणजे तास. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आणि इथेच ती चूक झाली. मेकॅनिक टेप काढून म्हणाला, चला, बसा गाडीवर. आता तुम्हीच सांगा, घरचा जवाई उभा, त्याच्या हातात पंपाच्या पार्टाची पिशवी, आणि मी कोऱ्या गाडीवर चढून बसायचं? आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. मी म्हटलं, भाऊजी, आधी तुम्ही. तुम्ही म्हणालात, नाही नाही. मी म्हटलं, असं कसं. तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. मी हात धरला. रविंद्र मध्येच सांगायला लागला की जे चालवणार आहेत त्यांनीच बसायचं असतं, तर त्याला मी गप्प केलं. (माणूस मूळचा इंदूरचा, त्याला जवाई म्हणजे काय ते कोण सांगणार?) शेवटी तुम्ही बसलात. गाडी दबली. मेकॅनिकने टेपकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं आणि मोठा पाना मागवला. तुमचं वजन एकशे दहा, माझं अठ्ठावन्न, आणि पंपाच्या पार्टाचं मला माहीत नाही. जी रिंग सैल करायला आपण गेलो होतो ती चांगली तीन फेरे आवळली गेली आणि मी शेजारी कृतार्थ चेहऱ्याने उभा होतो.

काम पंधरा मिनिटांत झालं. मग तुम्ही घड्याळ दाखवून उरलेला पाऊण तास वसूल केलात. मेकॅनिककडून आरसे पुसून घेतलेत, साखळीला तेल घालून घेतलंत, तरी वेळ उरला तेव्हा पंपाचा पार्ट त्याच्यापुढे ठेवून याचा वायसर बरोबर आहे का ते पाहायला लावलंत. आणि शेवटी, मी नको नको म्हणत असताना, बिल तुम्ही भरलंत. भाऊजी, खरा घोटाळा त्या बिलाने केला. लेबर मी दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी जाऊन रिंग सैल करून आलो असतो. पण जवाईने स्वतःच्या खिशातून करून दिलेली गोष्ट म्हणजे आहेर. दिलेलं धोतर आखूड आहे म्हणून कोणी दुकानात परत देत नाही.

मग मी त्या आहेरावर बसून कॉलेजला जायला लागलो. दर गतिरोधकावर मी आणि गाडी वेगळे व्हायचो आणि पलीकडे पुन्हा भेटायचो. डब्यातल्या वरणाने पोळ्यांशी संसार थाटला. मी वजन वाढवायचा प्रयत्न केला, रोज रात्री तूप-भात खाल्ला. पोट सुटलं, पण काटा अठ्ठावन्नावरच. शेवटी एक उपाय सापडला. मागच्या सीटवर तांदळाचं पन्नास किलोचं पोतं बांधलं, तर माझं आणि पोत्याचं मिळून जवळपास एक भाऊजी होतो, आणि गाडी लोण्यासारखी चालते. मी दोन आठवडे पोतं घेऊन ग्रंथालयात जात होतो. प्राचार्यांनी भाव विचारला. मी म्हटलं, विकायचं नाही, सोबतीला आहे. त्यानंतर त्यांनी मला एकही समिती दिलेली नाही.

आता सांगायला जीभ जड होते, पण तुमच्या कानावर आलंच असेल. त्या पोत्याला आमच्या घरात नाव पडलं. सकाळी मुग्धा विचारायची, भाऊजींना बांधलं का? संध्याकाळी म्हणायची, भाऊजींना उतरवून घ्या, दव पडते. एक दिवस पोत्याला खालून भोक पडलं आणि ती ओट्यावरून ओरडली की भाऊजी गळून राहिले, खाली परात लावा. नेमके त्याच वेळी तुमच्या शेजारचे धोंडबा काका फाटकात उभे होते. ताईने पाठवलेलं लोणचं घेऊन आले होते. त्यांनी लोणचं दिलं, पोतं पाहिलं, पाणीसुद्धा न पिता नरखेडची एसटी धरली. त्या दिवसापासून तुमच्या घराचा एकही फोन आम्हाला लागलेला नाही.

भाऊजी, आम्ही तुमचा अपमान केला नाही. म्हणजे केला, पण तो मनात नव्हता. पोतं मी दुसऱ्याच दिवशी सोडलं. मग शोरूमला जाऊन गाडीवर स्वतः बसलो आणि रिंग सैल करून घेतली. पुन्हा एका तासाचं लेबर लागलं. या वेळी काम दहा मिनिटांत झालं आणि उरलेला वेळ मागायची माझी हिंमत झाली नाही, तेव्हा तुमची फार आठवण आली. हे खरं लिहितो आहे. तुमच्या पैशाने आवळलेलं मी माझ्या पैशाने सैल केलं, याचाही राग असेल तर तोही कबूल. तुम्ही म्हणाल तर गाडी विकतो. तुम्ही म्हणाल तर तुमच्या वजनाला पुन्हा आवळून घेतो. मोठ्या मनाने लहानाला पदरात घ्यावं.

आई तुम्हाला आशीर्वाद सांगते, मुग्धा नमस्कार सांगते (आतल्या खोलीतून, तोंड न दाखवता). घरच्या थोरांना दंडवत, म्हशीच्या पाठीवरून हात.

तुमचा अपराधी,
दुर्गेश

ता. क. एवढं लांबण लावलं ते एका गोष्टीसाठी. तुम्ही माझ्यावर वर्षभर रुसून राहा, माझी हरकत नाही, पण ताईला पाठवा. आईची तारीख येत्या बुधवारी आहे. तिसऱ्यांदा परत केली तर डॉक्टर पुन्हा देतील असं वाटत नाही. ताईला नुसतं एसटीत बसवून द्या, मी स्टँडवर उभा राहीन.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला घेतलं आणि फाटक वाजलं. ताई आली आहे, एकटी, हातात पिशवी. आईपाशी बसली, डोळ्याची पापणी उचलून पाहिली, बुधवारचं पक्कं केलं. मग तिने माझ्या हातातून हे पत्र घेतलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. वाचून म्हणाली, ‘ते काहून रुसतीन? ते तर पोत्याची गोष्ट गावभर हासत सांगून राहिले. रुसली तं मी होती.’ तुमच्या फोनवर आमच्या घरचे सगळे नंबर तिनेच बंद केले होते आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही, हेही तिनेच सांगितलं. ‘तीन आठवडे झाले. जवाई रुसले असतीन, जवाई रुसले असतीन. कामिनी रुसली असंन, असं एकाच्याही मनात नाही आलं? माह्या नवऱ्याले तुम्ही पोतं म्हनता, अन् मी लोणचं पाठवून राहिली. आता आली ते आईसाठी. तुह्यासाठी नाही.’ तुम्ही रुसलेच नव्हता हे कळल्यावर आईचा चेहरा थोडा उतरला, पण ते जाऊ द्या.

ता. क. तिसरा. ताई माझ्याशी बोलत नाही. मी केलेला चहा तिने मुग्धाला दिला. तिच्यासाठी दुसरं पत्र लिहायला बसलो आहे, ती शेजारच्या खोलीत असली तरी. ‘प्रिय ताई’ एवढं झालं आणि पुढे सुचत नाही. रुसलेल्या जवायाला काय लिहायचं ते आपल्यात सगळ्यांना ठाऊक असतं, रुसलेल्या बहिणीला काय लिहायचं ते मला कोणीच सांगितलेलं नाही. तुम्ही वीस वर्षं तिची समजूत काढत आला आहात. ती कशी काढता, ते कृपा करून उलट टपाली कळवा.