त्या कादंबरीबद्दल मी दिलेलं मत

विजय नगर, जबलपूर
मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

प्रिय अवू,

राहत्या खोलीचा पत्ता तू दिला नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या शाळेत पाठवते आहे. पाकिटावर माहेरचं आडनाव लिहू की सासरचं, यात अर्धा तास गेला. शेवटी नुसतं 'अवंतिका मॅडम, गणित' असं लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. दसऱ्यानंतर मोबाइलवर एकच ओळ आली, 'आई, तुझं मत मला माहीत आहे.' त्याला सात आठवडे झाले. पोळ्या लाटताना, आरतीला उभी असताना, ती ओळ माझ्यापुढे येऊन उभी राहते.

माझी मतं तुला माहीत आहेत हे खरंच आहे. घरात मतं देणारी मीच. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी वाचलेल्या पुस्तकांबद्दल चार ओळी लिहिते, त्यावरून तू लहानपणी चिडवायचीस की आई पुस्तकांनाही भाजीवालीसारखं झापते. मॅट्रिकच्या पुढे मला कोणी शिकवलं नाही, पण मंडळाच्या वाचनालयातलं कपाट मी जवळपास संपवलं आहे. कुंदाताई तर नवं पुस्तक आलं की आधी माझ्याकडे देतात. म्हणतात, तुम्ही पास केलं की मग बाकीच्यांना. तर यंदा पावसाळ्यापासून काय काय वाचलं ते तुला सांगते. रविवारी फोनवर सांगायचे तसंच समज.

एक पुस्तक होतं सायकलवरून पंधरा देश फिरून आलेल्या गृहस्थांचं. डोंगर, नद्या, पूल, सगळं बारकाईनं लिहिलं आहे. पण दोन वर्षं घर कोणी चालवलं ते कुठेच नाही. बायकोचं नाव सुरुवातीच्या अर्पणपत्रिकेत, तेवढंच. नंतर एक रहस्यकथा. खुनी मी चाळिसाव्या पानावर ओळखला. घरात एवढं झालेलं असताना जो माणूस स्वयंपाकीणबाईंकडे न बघता चहाचा कप उचलतो, तोच असणार, आणि तोच निघाला. बाबा म्हणाले, तू पोलिसात पाहिजे होतीस. मी हसले तेव्हा. आता वाटतं, दुसऱ्याच्या घरातला खुनी मला चाळिसाव्या पानावर दिसतो.

कवितांचं एक पातळसं पुस्तक आणलं होतं. चार ओळी आणि खाली पानभर कोरा कागद. एवढ्या कागदात माझं सहा महिन्यांचं वाणसामान लिहून होईल. पण एक कविता मी तीनदा वाचली, का ते सांगता येत नाही. आकाशातल्या ताऱ्यांवरचं पुस्तक तू मागच्या वर्षी ठेवून गेली होतीस, ते आता पुरं केलं. तिसरा हिस्सा समजला असेल. त्यात तो शास्त्रज्ञ दर दहा पानांनी म्हणतो की हे आम्हाला अजून ठाऊक नाही. मला ते फार आवडलं. आपल्याला ठाऊक नाही असं म्हणायची मला सवयच नाही.

आणि एका संतांचं चरित्र वाचलं, दिवाळीच्या आधी. तुला माहीत आहे, असलं पुस्तक मी आंघोळ करूनच हातात घेते. महाराज एका पहाटे बायको आणि दोन मुलं सोडून निघाले. पुढे तीनशे पानं चमत्कार आहेत. ती बाई दोन लेकरं घेऊन माहेरी गेली असं एक वाक्य आहे. मी पुढे पाहत राहिले, की तिला माहेरी घेतलं का? ते लिहिलेलंच नाही. पुस्तकाला नमस्कार करून ठेवलं. आधी वाचलं असतं तर हे वाक्य माझ्या डोळ्यांना दिसलंही नसतं.

कारण तोवर दसरा होऊन गेला होता. दसऱ्याला मी विहीणबाईंना फोन केला, सोनं घ्या म्हणायला, आणि त्या म्हणाल्या, अवंतिका? ती तर जूनमध्येच घर सोडून गेली, तुमच्याकडेच आहे ना? मी 'हो हो' म्हणाले आणि फोन ठेवला. चार महिने दर रविवारी तू मला सांगत होतीस, आज भरली वांगी केली, सासूबाई देवळात गेल्यात, वेदांग झोपलेत. वांग्यात दाण्याचं कूट घातलंस का, एवढं मी विचारायचे आणि तू कुठल्याशा खोलीत एकटी बसून 'हो आई' म्हणायचीस.

आता मे महिन्याचं. तू अचानक आलीस, मोठी बॅग घेऊन. बॅग मीच उघडली, कपाटात कपडे लावायला. त्यात तीन स्वेटर आणि शाल. मी म्हटलं, मे महिन्यात स्वेटर काहून आणले गं, जबलपुरात बर्फ पडून राहिला का? तू म्हणालीस, चुकून आले. मी हसून बाबांनाही सांगितलं. आणि मग तू मला ती कादंबरी दिलीस. नवऱ्याचं घर सोडून आईकडे परत येणाऱ्या मुलीची. म्हणालीस, वाच ना आई, कशी वाटते सांग.

अवू, तुला मराठी वाचायला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे. इंग्रजी शाळेत आम्हीच घातलं. अजूनही तू ओळीवर बोट ठेवून वाचतेस. ती अडीचशे पानं तू आधी स्वतः वाचली होतीस. असलं बोलायला तुझ्याजवळ मराठी शब्द पुरत नव्हते आणि आईशी ते हिंदीत बोलवत नव्हतं, म्हणून तू पुस्तक शोधून आणलंस. हे मला आता कळतं आहे. तिसऱ्या दिवशी जेवताना तू विचारलंस, कशी वाटली? मी म्हटलं, असल्या मुलींना आईनं दारातूनच परत पाठवायला पाहिजे, म्हणजे संसार टिकतात. तू अच्छा म्हणालीस आणि ताकाची वाटी संपवलीस. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलीस. मुलीला घराची ओढ आहे म्हणून मी शेजारी कौतुक केलं.

ती कादंबरी मी तेव्हा पूर्ण वाचली नव्हती. साठ पानं वाचून मत दिलं होतं. आता दोनदा पूर्ण वाचली. त्यातली आई साठाव्या पानावर मुलीला परत पाठवते. मला वाटलं, पुढे कुठेतरी तिला पश्चात्ताप होईल, ती मुलीला शोधत येईल. मी शेवटच्या पानापर्यंत तिची वाट पाहिली. ती येतच नाही. मुलगी नोकरी करते, आजारी पडते, बरी होते, एकदा हसतेसुद्धा, पण आईचं नाव पुन्हा निघत नाही. लेखिका तिला विसरली असेल असं मला आधी वाटलं. मग समजलं, विसरली ती मुलगी.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलं नाही. तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडया उचलताना तुझी बाही वर सरकली. दंडावर चार बोटं उमटली होती, काळीनिळी. मी पाहिलं. पाहून म्हटलं, ऊन फार झालं, खाली चल. त्यानंतर मी ती कादंबरी हातात घेतली आणि साठाव्या पानावर मिटली, कारण पुढे वाचलं असतं तर मला तुला विचारावं लागलं असतं. मत पुस्तकाबद्दल नव्हतं, अवू. तू काही सांगायच्या आत मी तुला गप्प केलं. हे मी काल बाबांना सांगितलं. ते जेवले नाहीत. आज स्टेशनवर जाऊन माझं तिकीट काढून आणलं, आणि विचारलं, दोन काढायला हवी होती का? मी म्हटलं, एकच पुरे, हे माझं आहे. येत्या गुरुवारी भोपाळला येते आहे. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी घट मांडला जाणार नाही. शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसेन. तुला भेटायचं नसलं तर दुसऱ्या फाटकानं जा, मी हाक मारणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत येईन, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन.

तुझीच,
पाहूनही न विचारलेली
आई